बिनदाराची शाळा

आमच्या शाळेत अकरा वर्ग आहेत आणि एकाही वर्गाला दार नाही. पूर्वी होती. ती मी माझ्या हातांनी काढली, दोन दिवसांत, आणि त्या फळ्यांचे बाक केले. तिसरीतल्या शेवटच्या बाकाला अजून कडीची भोकं आहेत, त्यात पोरं खडूचे तुकडे कोंबून ठेवतात. दर सुट्टीत मी ते पटाशीनं कोरून काढतो आणि एकटाच शिव्या घालत बसतो.

शाळा मठाची, आणि हुकूम मोठ्या गुरुजींचा होता. वीस वर्षांपूर्वी मठाच्या गादीवर बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं. नवे मठाधिपती पहिलं काय करतात म्हणून सगळा मठ कान टवकारून होता. प्रार्थनेची वेळ बदलतील, जुन्या कारभाऱ्याला घरी बसवतील, असं काहीतरी लोकांच्या डोक्यात होतं. त्यांनी एवढंच सांगितलं, "शाळेची सगळी दारं काढ. कोठीचंही."

मग लोकांनी त्याचा अर्थ लावला. लोकांना काय, तेवढंच काम. विद्येला दार नसावं, असं कुणीतरी म्हणालं, ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं गेलं आणि बाहेरगावचे पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढू लागले. गुरुजी त्यावर कधी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. दारांबरोबर छडी गेली. कोंडून ठेवणं, कोपऱ्यात उभं करणं गेलं. मूल तासातून उठून बाहेर गेलं तर त्याला 'कुठे चाललास' म्हणून विचारायचं नाही, असा नियम झाला. एका मास्तरांनी एका मुलाचं मनगट धरून त्याला परत बसवलं होतं. गुरुजींनी त्या मास्तरांना बोलावलं आणि तासभर एक अक्षर न बोलता समोर बसवून ठेवलं. मास्तर बाहेर आले तेव्हा घामाघूम झाले होते.

खरं कारण मला ठाऊक होतं. मोठे गुरुजी आणि मी लहानपणी याच शाळेत एका बाकावर बसायचो. ते काडीसारखे होते म्हणून त्यांना सगळे काड्या म्हणायचे आणि मी सुताराचा पोरगा म्हणून मला रंध्या. आता त्यांना काड्या म्हणायची कुणाची छाती नाही. ते मात्र मला अजून रंध्याच म्हणतात.

आताचा कारभारी वाईट माणूस नाही. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट उरकायची असते. जेवतो तेसुद्धा उरकल्यासारखं. गेल्या महिन्यात शिक्षण खात्याचा तपासनीस येऊन गेला. पाचवीचे पाढे तिसरीत ऐकू येतात, तिसरीची कविता दुसरीत, असं त्यानं लिहिलं. एका मुलानं शुद्धलेखनात शेजारच्या वर्गाचा अर्धा भूगोल लिहून ठेवला होता, तो कागद त्यानं पुरावा म्हणून जोडला. सत्र संपायच्या आत दारं बसली नाहीत तर शाळेची मान्यता जाईल, असं पत्र आलं. गुरुजींनी पत्र वाचलं, घडी घातली आणि उशाखाली ठेवलं. चौदा मुलांची नावं पालकांनी काढून घेतली होती, तरी दारं नाहीत ती नाहीतच.

म्हणून कारभारी माझ्या कामाच्या खोलीत आला.

"गुरुजी चार दिवस बाहेरगावी जाताहेत. गुरुवारी परत. तोवर सगळी दारं बसव."

"त्यांना न विचारता?"

"एकदा बसली की ते काढायला लावणार नाहीत."

"आणि लावली तर?"

"तर काढ. तुझं काय जातंय?"

नाही म्हणायला हवं होतं. मी एकसष्ट वर्षांचा आहे, पण अधिकाराचा माणूस समोर आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते, ही माझी जुनी खोड. आणि खरं सांगायचं तर मला दारं करायची होती. वीस वर्षं मी बाक आणि फळ्या करत होतो. सुताराला बिनदाराच्या इमारतीत ठेवणं म्हणजे काय असतं ते सुतारालाच विचारा. माझे हात शिवशिवत होते.

दारं मी आधीच करून ठेवली होती. सोमवारी सकाळी पहिलं कोठीला बसवलं. कोठी म्हणजे ओसरीच्या अगदी टोकाची सामानाची खोली. तिथे चटया, जुने नकाशे, फुटके फळे असतात. खिडकी नाही, वर एक झरोका आहे तो कबुतरांमुळे मीच जाळी ठोकून बंद केलेला. तिची चौकट सगळ्यांत जुनी आणि वाकडी, म्हणून तिथून सुरुवात केली. ती जमली की बाकीच्या किस झाड की पत्ती. दाराला आतून रोगण लावलं, बिजागऱ्या ठोकल्या आणि मग लक्षात आलं की कडी आणलीच नाही. दार अर्धं उघडं टाकून मी कामाच्या खोलीत गेलो. बाबांच्या पेटीत जुनी कडी होती, या कोठीच्या पहिल्या दाराचीच, मीच काढून ठेवलेली. ती घेऊन आलो तर दार लोटलेलं; वारा असेल, म्हटलं. चौकटीवर बाहेरच्या बाजूला जुन्या स्क्रूंची भोकं होती. हात आपोआप तिथेच गेला. सामानाच्या खोलीला कडी बाहेरूनच असते, त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

नवं दार बसवलं की दिवसभर कडी लावून तसंच सोडायचं, म्हणजे लाकूड चौकटीत मुरतं. हा बाबांचा नियम. आणि कडी बघून नाही, ऐकून लावायची. नीट बसली असेल तर एकच आवाज येतो, खट्. मी डोळे मिटले आणि कडी सरकवली. खट् झालं. मी खूश झालो आणि चहा प्यायला गेलो. आत डोकावलो नाही.

जेवणाच्या सुट्टीत दुसरीच्या बाईंनी मुलं मोजली. सव्वीस हवी होती, पंचवीस भरली. पुन्हा मोजली. पुन्हा पंचवीस.

नव्हती ती मुलगी माझ्या ओळखीची होती. सात वर्षांची, बोलणं कमी, आणि माझं बघून कानावर पेन्सिल खोचायची सवय लागलेली. मीच तिला माझी एक चपटी, सुतारकामाची पेन्सिल दिली होती. तेव्हापासून मी तिला पेन्सिलच म्हणायचो. तिची आई गावातल्या दवाखान्यात नर्स आहे, बाप नाही.

"कधी गेली उठून?" कारभाऱ्यानं विचारलं.

"साडेदहाच्या सुमारास," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातातला खडू मोडला. "पुस्तक घेऊन उठली. मला वाटलं पाणी प्यायला जातेय."

मग सगळी शाळा पांगली. मोठी मुलं वर्गावर्गांत, मास्तर रस्त्यावर, मठातले लोक बागेत. फाटकावरचा पहारेकरी शपथेवर सांगत होता की त्याच्यासमोरून कुणी गेलं नाही, पण त्याची शपथ आणि त्याची झोप दोन्ही सगळ्यांच्या ओळखीच्या. फाटक उघडं होतं. मठाच्या मागे कालवा आहे आणि कालव्याला नुकतंच पाणी सोडलेलं. ते कुणी बोललं नाही, पण एकेक जण तिकडेच बघत होता.

एक वाजता तिची आई आली. दवाखान्याच्या कपड्यांतच होती, पायांत तिथल्याच रबरी चपला. ती रडली नाही. सरळ बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही तिला विचारलं नाहीत, कुठे चाललीस?"

"विचारायचं नाही, असा नियम आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनाच रडू फुटलं.

त्या आईनं आमच्याकडे एकदा पाहिलं. मी मान खाली घातली. नियम माझा नव्हता, पण मला लाज वाटली.

दोन वाजेपर्यंत फाटकाशी पालक जमले. आपापली मुलं हाताला धरून घेऊन जात होते. "बिनदाराची शाळा!" एक जण मोठ्यानं म्हणाला. कारभाऱ्यानं गुरुजींना फोन लावला. मी दोनदा कोठीवरून गेलो. कडी लावलेली होती. सात वर्षांची पोर आत जाऊन बाहेरून कडी कशी लावेल? असा हिशोब माझ्या डोक्यानं केला आणि पुढे गेलो. डोकं किती गाढव असतं.

कालव्यावर माणसं लांब काठ्यांनी पाणी चाचपत होती. मीही एक काठी घेतली. काठी तळाला लागली, गाळात रुतली, आणि बावन्न वर्षांपूर्वीची विहीर माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

तेव्हा आम्ही नऊ वर्षांचे होतो. आमचे मास्तर धर्मग्रंथ शिकवत होते आणि काड्यानं विचारलं, "गुरुजी, हे ज्यानं लिहिलं त्याला कुणी सांगितलं?" त्यात आगाऊपणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मास्तरांनी त्याला कानाला धरून कोठीपाशी नेलं. "हा प्रश्न विसरेपर्यंत आत बस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुताराचा ना तू? लाव कडी. आणि मी सांगायच्या आधी कुणी उघडलं तर तोही आत जाईल." मी कडी लावली. दार माझ्या बाबांनी केलेलं होतं. कडी एका आवाजात बसली आणि मला, सांगायला लाज वाटते, अभिमान वाटला.

त्याच दुपारी मास्तरांना भावाच्या अपघाताची बातमी आली. ते मिळेल त्या गाडीनं निघून गेले आणि काड्याला विसरले. पुढे दोन दिवस सुट्टी होती. बाकीच्या पोरांना वाटलं, मास्तरांनी त्याला जाताना सोडलं असेल.

संध्याकाळी मी शाळेत गेलो. कोठीसमोर उभा राहिलो. आतून बारीक रडणं येत होतं, मग ते थांबलं. माझा हात कडीपासून बोटभर अंतरावर होता. मास्तरांचा आवाज कानात होता. मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मग वळलो आणि घरी आलो. घरी बाबांनी विचारलं, "काड्या सापडत नाहीये. तुला काही माहीत आहे?" मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी विहिरीत गळ टाकले. मी काठावर उभा राहून बघत होतो. त्या संध्याकाळी शाळा झाडणाऱ्या बाईला तो सापडला. नंतर महिनाभर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

गळ विहिरीत होते आणि तो कोठीत होता. मी काठी तिथेच टाकली. डोळे मिटून कडी लावली होती मी. आत डोकावलो नव्हतो. मी शाळेकडे धावत सुटलो. एकसष्ट वर्षांचा माणूस जसा धावतो तसा.

ओसरीच्या तोंडाशी कारभारी भेटला. मी त्याला अडखळत सांगितलं. त्यानं माझा दंड धरला.

"कोठीत? कडी बाहेरून आहे ना? मग?"

"मी बघितलं नाही आत."

"हळू बोल. गुरुजींची गाडी आली आहे फाटकात." त्याचा आवाज खाली गेला. "आता त्यांच्यासमोर दाराचं नाव काढलंस तर आपण दोघंही संपलो. त्यांना आत जाऊ दे. मग मी गुपचूप बघून येतो. पाच मिनिटं थांब."

आणि मी थांबलो. हे लिहिताना मला माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते. ती पोर आत असेल हे मला कळत होतं, झरोका बंद आहे हे माहीत होतं, रोगणाचा वास किती चढतो हे तर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी मी थांबलो. मी पुन्हा नऊ वर्षांचा झालो होतो.

मोठे गुरुजी गाडीतून उतरले. काडीसारखेच आहेत अजून, फक्त केस पांढरे. ती आई त्यांच्यापुढे गेली.

"तुम्ही म्हणता मुलं मोकळी हवीत. माझी एकच आहे हो. एवढी मोकळी नको होती मला."

गुरुजींनी तिला हात जोडले. ते तसेच ओसरीवर चढले. चार पावलं गेले आणि थांबले. त्यांच्या अनवाणी पायाला काहीतरी चिकटलं होतं. वाकून त्यांनी ते उचललं. लाकडाचा कुरळा, पातळ छिलका, सकाळचा ताजा. त्यांनी तो बोटांत धरला, नाकाशी नेला आणि मान वर केली. कारभाऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"रंध्या, दार कुठे आहे?"

माझ्या दंडावरची कारभाऱ्याची पकड घट्ट झाली. मी ती झटकली.

"कोठीला. कडी बाहेर आहे. मीच लावली, अकराला. आत बघितलं नाही मी."

आम्ही सगळे धावलो. गुरुजी सर्वांत पुढे होते. पण दार दहा पावलांवर आलं आणि त्यांचे पाय थांबले. त्यांनी भिंतीला हात टेकला. तसेच भिंतीला धरून धरून ते पुढे सरकले. मी कडीला हात घातला.

"थांब," ते म्हणाले.

"अहो थांब काय!" ती आई किंचाळली.

"एक क्षण, ताई. अंधारात बसलेल्या माणसावर एकदम दार उघडू नये." ते गुडघ्यांवर बसले, मग पार वाकले आणि दाराखालच्या फटीशी तोंड नेलं. "बाळा, आम्ही बाहेर आलोय. तुझी आई आहे. मी आहे. सुतारकाका आहेत. आता दार उघडतोय, उजेड येईल. घाबरू नकोस."

आतून आवाज आला नाही. माझ्या मनात काय काय आलं ते लिहिणार नाही.

मग फटीतून काहीतरी सरकत बाहेर आलं. माझी चपटी पेन्सिल होती.

मी कडी ओढली. पोर दाराला टेकूनच बसली होती, ती तशीच बाहेर आईच्या पायांवर कलंडली. तोंड लालबुंद, केस घामानं चिकटलेले. एकदा उलटी झालेली दिसत होती. पुस्तक तिनं छातीशी धरलं होतं. आईनं तिला उचललं, वाऱ्यावर नेलं, नाडी पाहिली, घोट घोट पाणी पाजलं. नर्सचे हात काम करत होते आणि तोंडानं ती एकसारखं काहीतरी पुटपुटत होती. पाचेक मिनिटांनी पोरीनं डोळे नीट उघडले.

"तुम्ही आत डोकावून बघितलं नाहीत?" आईनं मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

कारभारी पुढे झाला. "गुरुजी, म्हणूनच मी म्हणत होतो, मुलांवर लक्ष—"

गुरुजींनी हात वर केला. ते पोरीसमोर जमिनीवर बसले. वीस वर्षांत त्यांनी कुठल्याही मुलाला हा प्रश्न विचारला नव्हता.

"तू इथं का आलीस, ते विचारू का?"

पेन्सिलनं आईकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "इथं दार होतं."

"म्हणून आलीस?"

"वर्गात सगळे वर्ग एकदम ऐकू येतात. पाढे येतात, गाणं येतं. बाई काय म्हणतात तेच येत नाही. रोज डोकं दुखतं." ती थांबली. "इथं दार लोटलं आणि धडा वाचला. एकदाच वाचला तरी कळला. छान वाटत होतं. मग बाहेर खट् झालं. मग उघडेचना. मी खूप वाजवलं."

दार वाजवलं तेव्हा अकरा वर्गांचा गलका चालू होता. कोण ऐकणार?

मी गुरुजींचा चेहरा पाहत होतो. कालव्यात पोर सापडली असती तरी तो इतका पडला नसता असं मला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल माझा मलाच राग आला.

"तुझं डोकं दुखतं हे कुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही. सगळे म्हणतात, आपली शाळा चांगली आहे."

आई तिला दवाखान्यात घेऊन गेली. तासाभरात निरोप आला की काळजीचं कारण नाही, संध्याकाळी घरी सोडतील. पालक गेले, मास्तर गेले. कारभारी माफी मागायला दोनदा आला आणि दोनदा तसाच परत गेला. गुरुजी कोठीसमोरच्या पायरीवर बसून होते. समोर उघडं दार, बाहेर लटकलेली कडी. मी त्यांच्याशेजारी बसलो. असा शेजारी मी बावन्न वर्षांत बसलो नव्हतो.

आता नाही तर कधीच नाही, असं माझ्या मनानं घेतलं.

"गुरुजी, मला एक सांगायचंय. त्या संध्याकाळी मी आलो होतो इथे. तुम्ही आत होतात. मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळलो.

"फटीतून पाय दिसत होते तुझे. उजव्या अंगठ्याला हिरवा रंग होता. तुझ्या बाबांनी त्या आठवड्यात कुणाचं तरी कपाट रंगवलं होतं."

रंग मला आठवतच नव्हता. अंगठा आठवत नव्हता. त्यांना आठवत होता.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला नाही, या वयात कुणासाठी लपवायचं? ते समोर बघत राहिले आणि मला रडू दिलं.

"उघडलं नाहीस त्याचा राग नाही मला," थोड्या वेळानं ते म्हणाले. "नऊ वर्षांचा होतास. तुझ्या जागी मी असतो तर मलाही धीर झाला नसता. पण नुसतं बोलायचं होतंस, रंध्या. पाय दिसल्यावर मी रडणं थांबवलं. म्हटलं, आता हा काहीतरी बोलेल. मग पाय गेले. अंधाराचं मला काही वाटलं नव्हतं तोवर."

"काय बोलणार होतो मी?"

"काहीही. पाढे म्हटले असतेस तरी चाललं असतं."

भिंतीवर रंगवलेली अक्षरं समोरच दिसत होती.

"मला वाटायचं, दारं काढली की झालं," ते म्हणाले. "एकाही मुलावर माझ्यासारखी वेळ येणार नाही. वीस वर्षं या पोरांची डोकी दुखली आणि मी समोर बसून समाधानानं ऐकत होतो. गलका जितका मोठा, तितकं मला बरं वाटायचं. ही शाळा मी त्यांच्यासाठी बांधलीच नाही." मग ते उठले. "अकराही दारं बसव. आणि ही कडी काढ. आतल्या बाजूला लाव."

"सगळ्या वर्गांना आतून?"

"वर्गांना कडी नको. नुसती लोटायची दारं. इथं मात्र हवी. कुणाला एकटं बसून वाचावंसं वाटलं तर इथं येऊ दे. जाळी काढ झरोक्याची, चटया हलव."

"पोरांनी आतून कडी लावून घेतली आणि उघडलीच नाही, तर?"

"तर बाहेर उभं राहून बोलायचं. उघडेपर्यंत."

मी पेटी आणली. स्क्रू काढून त्यांच्या तळहातावर ठेवत गेलो, ते मूठ उघडी धरून उभे होते. आधी शिडी लावून झरोक्याची जाळी उचकटली, चार कबुतरांची पिसं डोक्यावर घेतली. मग आतल्या बाजूला नवी भोकं पाडली आणि कडी बसवली. एक स्क्रू तिरका गेला. बाबा असते तर त्यांनी तो परत काढायला लावला असता.

"बघू," गुरुजी म्हणाले आणि आत गेले.

मला वाटलं, ते कडी बघायला गेले. पण त्यांनी दार लोटलं. दार चौकटीत बसलं. आतून कडी सरकायला लागली, अडली, पुन्हा सरकली. खट्.

मी एकटा ओसरीवर होतो. ज्या फरशीवर तेव्हा उभा होतो त्याच फरशीवर उभा होतो. फटीतून मला त्यांच्या पायांची सावली दिसत होती. ती हलत नव्हती. आतून श्वासाचा आवाज येत होता, जोराचा, धावून आलेल्या माणसाचा. दार उघडायला कडी बाहेर नव्हतीच. मला बोलणं भाग होतं, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली होती.

"काड्या," मी म्हणालो. "मी इथंच आहे."

श्वास तसाच चालू होता.

"मी इथंच आहे," पुन्हा म्हणालो, आणि पुढे काय बोलावं ते सुचेना. म्हणून जे तोंडात आलं ते म्हणत सुटलो. बे एके बे, बे दुणे चार. दोनाचा संपला, तिनाचा धरला. चाराचा, पाचाचा. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला कारभारी येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघू लागला. त्याला बघू दिलं. सहाचा कसाबसा निभावला. साताचा मला शाळेत कधी आला नाही, काड्याच मागच्या मागे सांगायचा.

"सात सक बेचाळीस," मी म्हणालो. "सात सत्ते... सत्तेचाळीस."

"एकोणपन्नास," आतून आवाज आला. "बावन्न वर्षांत एवढंही झालं नाही का रे तुझ्याच्यानं?"

"नाही झालं," मी म्हणालो. "तू बाहेर ये आणि शिकव."

आतून कडी मागे सरकली.